बर्फाच्या कारखान्यातली यादी

४ फेब्रुवारी

निवृत्तीला आज तीन महिने झाले आणि आजच घरातून माझी हकालपट्टी झाली. मी सकाळपासून माळ्यावरच्या सामानाची यादी करत होतो. त्याआधी औषधांची केली होती, त्याआधी चादरींची. ही खाली शिडी धरून उभी. शेवटी म्हणाली, "अहो, या घरात यादी न झालेली आता मी एकटीच उरले. तेवढंही उरकून टाका, म्हणजे सुटले."

लेक जेवायला आली होती. ती हसली. "बाबा, नोंदी करायची एवढी हौस आहे ना, तर माझ्याकडे या. माझ्याकडे चौऱ्याहत्तर माणसं आहेत, ज्यांची जगात कुठेच नोंद नाही."

चाळीस वर्षं मी नोंदणी कार्यालयात काढली. जन्म, मृत्यू, लग्न, घर, जमीन. नोंद नसलेला माणूस म्हणजे हवेत मारलेली रेघ. चौऱ्याहत्तर आकडा ऐकून मला चक्क उत्साह आला, हे इथे कबूल करतो. लेकीला वाटलं, मला त्यांची दया आली.

६ फेब्रुवारी

लेक वकील आहे. चपलांच्या दुकानावर दोन खोल्यांचं तिचं ऑफिस आहे, जिन्यातच कातड्याचा वास सुरू होतो. पण माझं काम तिथे नाही, बर्फाच्या कारखान्यात आहे.

कारखाना बंद पडून जमाना झाला. भिंती हातभर जाड, खिडकी एकही नाही. बर्फाला कशाला हवी खिडकी? लाद्या जमवायचे पत्र्याचे लांबट डबे अजून रांगेने उभे आहेत. त्यांत ही माणसं कपडे ठेवतात, धान्य ठेवतात. एका डब्यात तान्हं पोर झोपलेलं पाहिलं.

शहरात यांना 'वरचे' म्हणतात, कारण नदीपलीकडच्या वरच्या डोंगरातले. भाषा वेगळी, चेहरा वेगळा, संख्येने मूठभर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच देशाच्या शिपायांनी त्यांचं गाव जाळलं. जे वाचले ते नदी ओलांडून इकडे आले. तिकडचं सरकार म्हणतं, हे आमचे कधी नव्हतेच. इकडचं म्हणतं, हे घुसले आहेत. लेकीने कोर्टात अर्ज केलाय की यांना परत ढकलू नका. त्यासाठी प्रत्येकाची जबानी हवी: नाव, वय, गाव, काय घडलं.

दुभाषा म्हणून एक शिंपी आहे. पस्तिशीचा, त्यांच्यातलाच. आपली भाषा मोडकीतोडकी बोलतो, पण बोलण्यात लबाडी नाही. बायको आणि दोन मुली आहेत. कारखान्याच्या दाराशी मशीन मांडून लोकांच्या उसवलेल्या पिशव्या शिवतो.

निघताना लेक म्हणाली, "एक लक्षात ठेवा. ही नावं माझ्या कपाटाबाहेर जाणार नाहीत. कोर्टातही बंद पाकिटातून जातील."

मला हसू आलं. मला गोपनीयता शिकवते!

११ फेब्रुवारी

पाच दिवस झाले, वहीत एक नाव नाही. मी टेबल मांडून बसतो, लोक माझ्याभोवतीने वळसा घालून जातात.

त्यांच्यात एक बाई आहे. साठीची, ठेंगणी, खरखरीत हातांची. ती सुईण. कारखान्यातली अर्धी माणसं तिच्याच हातावर जगात आलेली, त्यामुळे तिचा शब्द खाली पडत नाही. आज ती समोर येऊन उभी राहिली आणि बरंच काही बोलली. शिंप्याने थोडक्यात सांगितलं.

"म्हणते, गाव जाळायला आले तेव्हा त्यांच्या हातात यादी होती. नाव वाचायचे, माणूस बाहेर काढायचे."

मी म्हणालो, "तिला सांग, ती त्यांची यादी होती. ही आपली आहे."

शिंप्याने सांगितलं. सुईण माझ्या पेनाकडे बघत राहिली, मग एक लहानसं वाक्य बोलून निघून गेली.

"काय म्हणाली?"

"म्हणते, कागदाला काय माहीत तो कोणाचा."

बाई हुशार आहे, पण शिक्षण नाही. कागद हाच दुबळ्याचा आधार असतो, हे तिला पटवायला वेळ लागेल.

१९ फेब्रुवारी

मी जे पंधरा दिवसांत करू शकलो नाही ते हिच्या गुडघ्यांनी केलं.

ही लेकीचा डबा घेऊन कारखान्यात आली. आत येताना उंबऱ्याशी कळवळली. सुईणीने पाहिलं, हात धरून तिला एका उलट्या डब्यावर बसवलं आणि गुडघे दाबायला लागली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. तरी अर्धा तास बोलत होत्या. ही आपल्या भाषेत सुनेच्या तक्रारी सांगत होती. (आम्हाला सून नाही. ही शेजारणीच्या सुनेबद्दल बोलत होती.) सुईण मान डोलावत होती.

जाताना ही मला म्हणाली, "अहो, दोन वर्षांत पहिल्यांदा पाय मोकळे वाटले. काय देवाचे हात आहेत बाईचे!"

आता ही रोज येते. आणि ही येते म्हणून बायका माझ्या टेबलाजवळ बसू लागल्या. आज अकरा नावं झाली.

२ मार्च

आज मंडईजवळ धाकटा भेटला. ऑफिसात सगळ्यात शेवटी लागलेला म्हणून आम्ही त्याला धाकटा म्हणायचो. रजिस्टर कसं आखायचं हे मीच त्याला शिकवलं. आता तो परकीय नागरिकांच्या खात्यात मोठा अधिकारी झालाय. गाडी थांबवून उतरला, वाकून नमस्कार केला. म्हणाला, "सर, तुम्ही नसता तर मी आज कुठे असतो?"

मी काय करतो ते सांगितलं. फक्त काम सांगितलं, नाव एकाचंही नाही. तो गंभीर झाला. म्हणाला, "सर, कोर्टाचं घोडं कुठे पेंड खात बसेल सांगता येत नाही. आमच्या खात्यात यांना तात्पुरती ओळखपत्रं द्यायचा विचार चाललाय. पण माहिती आमच्या नमुन्यात हवी. तुमच्यासारखा माणूस ते करत असेल तर आम्हाला तपासायलाही नको."

मी म्हटलं, लेकीला विचारतो.

"विचारा ना. पण वकील लोकांना केस चालू राहायला हवी असते, सर. तुम्ही मला ओळखता."

रात्री लेकीकडे विषय काढायला गेलो, तर ती फायलींत डोकं घालून बसली होती. डोळे लाल. दोन वर्षांत तिने सुट्टी घेतलेली नाही. मनात आलं, ओळखपत्रंच तिच्या टेबलावर नेऊन ठेवावीत. बघूया चेहरा कसा होतो.

७ मार्च

खात्याचा छापील नमुना चार दिवसांपूर्वी आणला. चौदा रकाने, आखणी सुबक. मी धाकट्याला तसं सांगितलंही.

लेकीच्या जबान्या घेतो तेव्हाच हाही भरतो, एका दगडात दोन पक्षी. कालपर्यंत चाळीस झाले. रकाना बारा: मूळ गावी नातेवाईक आहेत काय. तेरा: परत जाण्याची इच्छा आहे काय. चौदा: गावाविषयी अन्य माहिती. चौदाव्यात मी हात आखडता घेत नाही. लोक गावाबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत. झऱ्याचं पाणी, अक्रोडाची झाडं, कुणाचं घर कुणाच्या घराला लागून. सगळं लिहितो. ओळखपत्र देणाऱ्याला दिसलं पाहिजे की ही घरंदाज माणसं आहेत, भटकी नाहीत.

आज अखेर सुईण स्वतः खुर्चीवर बसली. हिने तिचा हात धरून आणलं होतं. नाव सांगितलं, वय अंदाजे. बाराव्या रकान्याला विचारलं, गावी नातेवाईक कोण कोण?

तिने खरखरीत हात टेबलावर पालथे ठेवले. मग बोलली. शिंपी म्हणाला, "म्हणते, सगळे तिथेच आहेत. नवरा, तीन मुलगे, सुना. सगळे तिथेच."

मला बरं वाटलं. एवढं मोठं कुटुंब आहे तर बाईचं कधीतरी पुन्हा सगळं जुळेल. लिहिलं: होय, सर्व.

"परत जायची इच्छा आहे का?"

यावर तिने शिंप्याची वाट न बघता मान हलवली. जोरात, दोनदा. होय.

अंगठा घेतला. ती बसली तशी बाकीच्यांनी तिच्यामागे रांग लावली. मान आहे बाईला.

१४ मार्च

एकसष्ट फॉर्म पूर्ण. बारा जण अजून नावं देत नाहीत, त्यात सामान वाहणारे दोन भाऊ फार हटवादी. शिंप्याचा फॉर्म राहिला, तो दर वेळी म्हणतो, "माझं शेवटी, काका. आधी लोकांचं." त्याच्या बायकोचा आणि मुलींचा झाला.

फॉर्म धाकट्याच्या केबिनमध्ये नेऊन दिले. मी आत गेलो तेव्हा तो खुर्चीतून उठून उभा राहिला. चाळीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी कुणी उठल्याचं मला आठवत नाही. एकेक पान उलटत म्हणाला, "सर, हे अक्षर! हे शिकवायला हवं पोरांना."

मग दोन-चार प्रश्न विचारले. सगळे एकाच जागी राहतात ना? दारं किती? एकच. कामाला कधी जातात? मी म्हटलं, पहाटे पाचनंतर निम्मे बाहेर पडतात, तेव्हा कार्डं वाटायला माणसं पाठवशील तर त्याआधी पाठव, नाहीतर फेरी फुकट जाईल. त्याने ते टिपून घेतलं. पोरगा अजून तसाच आहे, बारीकसारीक लिहून ठेवणारा.

घरी येताना हिच्यासाठी गुडघ्याला बांधायचा पट्टा घेतला. म्हणाली, "सुईणीला दाखवते आधी. ती म्हणेल तरच बांधेन."

२२ मार्च

सकाळी सातला लेकीचा फोन. "बाबा, कारखान्यावर या." एवढंच.

दार सताड उघडं. आत डबे आडवे पडलेले, कपडे ओल्या नाल्यांत. कोपऱ्यात ते दोन भाऊ आणि आणखी काही माणसं भिंतीला पाठ लावून बसली होती. शिंपी दाराबाहेर रस्त्यावर बसला होता, अनवाणी. दोन्ही पायांतून रक्त.

लेकीने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. मी ऐकत होतो. साडेचारला दोन बस आल्या. शिपाई आत आले, एकाच्या हातात कागदांचा गठ्ठा. ओरडणं नाही, मारणं नाही. तो नाव वाचायचा, माणूस उठायचा, बसमध्ये बसायचा. लोकांना वाटलं, कार्डं द्यायला नेताहेत. मीच सांगितलं होतं ना, माणसं येतील. सुईण तेवढी म्हणाली, सामान घ्या. कुणी ऐकलं नाही.

बायकोचं नाव वाचलं, मुलींची वाचली. शिंपी त्यांच्यामागे चढायला लागला. शिपायाने गठ्ठा चाळला. "तुझं नाव नाही. उतर."

"तो म्हणाला, तुझं नाव नाही," शिंप्याने पुन्हा सांगितलं. "मी म्हटलं, मी हिचा नवरा. तो म्हणाला, यादीत नाही." तो पुलापर्यंत बसमागे धावला होता.

लेकीने विचारलं, "कागद कसले होते?"

शिंप्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "काकांचे."

लेक वळली. "बाबा?"

मी सांगितलं. तिथेच, रस्त्यात उभा राहून. मंडई, ओळखपत्रं, नमुना, चौदा रकाने. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "पहाटेची वेळ त्यांना कुणी सांगितली?"

तेही मीच.

२३ मार्च

धाकट्याच्या ऑफिसात सकाळी नऊपासून बसलो. चार वाजता शिपाई आला, म्हणाला साहेब दौऱ्यावर आहेत. साहेबांचा डबा माझ्या डोळ्यांदेखत आत गेला होता.

२५ मार्च

लेक माझ्याशी बोलत नाही. हिच्यामार्फत बोलते. "त्यांना सांग, ऑफिसची किल्ली ठेवून द्या." "त्यांना विचार, फॉर्मची नक्कल त्यांच्याकडे आहे का." आहे. माझ्या सवयीने प्रत्येकाखाली कार्बन ठेवला होता. नकला दिल्या. तिने मोजून घेतल्या.

ही मला काही बोलली नाही. तेच खातंय. चाळीस वर्षांत भांडायची एक संधी हिने सोडली नव्हती.

१ एप्रिल

शिंप्याने अर्ज केलाय: माझी बायको, माझ्या मुली आणि त्यांच्यासोबतच्या सगळ्यांना कोर्टापुढे हजर करा. आज पहिली तारीख होती. मी मागच्या बाकावर बसलो.

सरकारी वकील तरुण होता, आवाज मऊ. म्हणाला, या लोकांना कुणीही घालवलेलं नाही. ते स्वखुशीने मायदेशी गेले. पुरावा? त्याने माझे फॉर्म वर धरले. तेरावा रकाना वाचला: परत जाण्याची इच्छा, होय. एकसष्ट जणांची होय. बारावा वाचला. मग चौदावा, अगदी चवीने: "झऱ्याचं पाणी गोड, अक्रोडाची शंभरेक झाडं, माणसं मायाळू. महाराज, अशा गावी कोण जाणार नाही?"

कोर्टात हशा झाला. माझीच वाक्यं होती.

मग त्याने एकच फॉर्म निवडून वाचला. "वय साठ. गावी नातेवाईक? होय, सर्व. या वयात या बाईला आपल्या माणसांत जाऊ द्यायचं नाही, हा कुठला मानवी हक्क?"

बाहेर व्हरांड्यात मी शिंप्याला गाठलं. म्हटलं, निदान एवढं तरी बरं, सुईणीला तिची माणसं भेटतील.

तो वळला. "कोण माणसं?"

"नवरा, मुलगे. सगळे तिथेच आहेत म्हणाली ना."

"काका," तो हळू बोलला, लहान मुलाशी बोलावं तसं, "सगळे तिथेच आहेत. जमिनीत. तिने एकटीने पुरले."

मी म्हटलं, तू तसं सांगितलं नाहीस.

"मी जसं ती म्हणाली तसं सांगितलं. तुमचं पेन थांबलं होतं. मला वाटलं, तुम्हाला कळलं."

पेन थांबलं होतं खरं. शाई उतरत नव्हती म्हणून झटकत होतो.

२ एप्रिल

सगळ्या नकला पुन्हा वाचल्या. 'सर्व तिथेच' असं मी तेवीस ठिकाणी लिहिलं आहे.

९ एप्रिल

लेक घरी आली. हिच्याकडे न बघता सरळ माझ्यासमोर बसली. अठरा दिवसांनी.

"तुम्हाला प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल. फॉर्म ओळखपत्रांच्या नावाखाली मागितले, लोकांना त्यांचा खरा उपयोग माहीत नव्हता, बाराव्या रकान्यातल्या उत्तराचा अर्थ तुम्हाला कळला नव्हता. सगळं. स्वतःला वाचवायला एक ओळ लिहायची नाही."

मी म्हटलं, लिहितो.

"तो अधिकारी म्हणेल, मी यांना कधी भेटलोच नाही."

"म्हणू दे."

ती उठली. दाराशी थांबली. पाठमोरीच म्हणाली, "मला राग याचा नाही की तुम्ही फसलात. कुणीही फसतं. तुम्हाला माझ्यापेक्षा तो खरा वाटला."



२४ एप्रिल

धाकट्याचं म्हणणं कोर्टात आलं. 'सदर निवृत्त कर्मचाऱ्याने फॉर्म स्वतः होऊन आणून दिले. वयोमानानुसार त्यांना विस्मरण होत असावे.' खाली सही. लपेटदार सही करायची नाही, हेही मीच त्याला शिकवलं होतं. वाचता येत होती.

६ मे

शिंपी गेला.

सकाळी लेकीबरोबर कारखान्यात गेलो. मशीन जागेवर, त्यावर कुणाची तरी अर्धवट शिवलेली पिशवी. तो आणि ते बारा जण, कुणीच नाही. नाक्यावरच्या चहावाल्याने सांगितलं, शिंपी परवा नदीकडच्या ट्रकमध्ये बसला. बाकीचे दोन-दोन, तीन-तीन करून कुठे पांगले ते त्याला माहीत नाही. लेकीला कुणी काही सांगून गेलं नव्हतं. तिच्यासाठी दोन वर्षं एवढं केलं, आणि जाताना निरोपही नाही.

मी तसं म्हणालो. ती चिडली नाही. डब्यावर बसली, चपला काढल्या, पाय ओल्या फरशीवर टेकवले.

"बरंच झालं," ती म्हणाली. "आता कुणी विचारलं तर मला खरंच माहीत नसेल."

थोड्या वेळाने म्हणाली, "अर्जदारच नाही. सोमवारी केस निकाली निघेल."

"मग मला अर्जदार कर."

"तुम्ही नाही होऊ शकत, बाबा. तुम्ही त्यांचा पुरावा आहात."

दिवसभर कानात तेच.

७ मे

जेवताना लेक आईला सांगत होती, दुसऱ्या कुणालाही अर्जदार होता येतं, नात्याचं नसलं तरी. पण मैत्रिणींपैकी कुणी तयार नाही. पोलीस घरी येतात, नातेवाईक नाकं मुरडतात, वर्तमानपत्रात नाव येतं, दारावर घाण फेकली जाते. एकीने तर फोन उचलणंच बंद केलंय.

ही वाढता वाढता म्हणाली, "माझं घाल की."

लेक म्हणाली, "आई, तुला कोर्टात उभं राहावं लागेल. प्रश्न विचारतील."

"गुडघे दुखले तर बसेन म्हणावं. खुर्ची देत नाहीत का?"

मी मधे बोलणार होतो. हिने माझ्याकडे पाहिलं. दीड महिन्यात पहिल्यांदा सरळ पाहिलं. "तुम्ही काही बोलू नका. तिला हात धरून तुमच्यासमोर मी आणून बसवलं होतं. ती येत नव्हती."

मग पदराने डोळे पुसले आणि लेकीला आणखी वाढलं.

३० मे

दारावर कोळशाने काहीतरी लिहिलं होतं. मी उठायच्या आत हिने धुऊन टाकलं. काय होतं ते सांगत नाही. शेजारीण सुनेच्या तक्रारी घेऊन यायची थांबली आहे.

१४ जून

शिंप्याचा फोन आला, लेकीच्या ऑफिसात. अनोळखी नंबर, एक मिनिटभर. लेकीने शब्द न् शब्द लिहून घेतला. बस नदीपर्यंत गेल्या. लोकांना होड्यांत बसवून मधल्या रेतीच्या बेटावर उतरवलं. पलीकडच्या शिपायांनी पुढे येऊ दिलं नाही, इकडच्यांनी मागे. चार दिवस ते तिथे होते. मग पाणी चढलं. काही पोहले. त्याला मोठी मुलगी सापडली आहे. बाकीच्या दोघींचं विचारतो आहे. सुईणीला चौथ्या दिवशी काहींनी पाहिलं, एका बाळंतिणीपाशी बसलेली. त्यानंतर कुणी नाही.

लेकीने विचारलं, तू कुठे आहेस? त्याने फोन ठेवला.

हे सगळं मी हिला सांगितलं. ही उठली आणि गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे घड्या करू लागली. घड्या झालेले पुन्हा झटकून पुन्हा घड्या केले.

२ ऑगस्ट

आज हिची तारीख होती.

निळी साडी, पायाला पट्टा. साक्षीच्या पिंजऱ्यात हात टेकून उभी राहिली. न्यायाधीश वयस्क, कंटाळलेले, पण वाईट माणूस नसावा. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला कोणाला हजर करून हवंय?"

"सुईणीला."

"नाव?"

ही गोंधळली. लेकीकडे बघितलं. "मला तिचं नाव माहीत नाही, महाराज. मी तिला 'अगं' म्हणायचे. ती माझे पाय दाबायची. बाकीची साठ माणसंही हवीत. नावं यांना माहीत आहेत. यांनीच लिहिलीत."

सरकारी वकील उठला. ज्या व्यक्ती देशातच नाहीत त्यांच्या नावांनी कोर्टाचा वेळ का दवडायचा? लेक म्हणाली, "त्या इथे होत्या, हे तरी एकदा या खोलीत उच्चारलं जाऊ दे." न्यायाधीशांनी घड्याळ पाहिलं आणि मला म्हणाले, "वाचा."

कार्बनच्या नकला हातात होत्या. जांभळी अक्षरं, काही पुसट. मी ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने वाचू लागलो. नाव, वय, गाव. नाव, वय, गाव. पाचव्या-सहाव्याला पाणी प्यालो. त्या नावांचे उच्चार मला नीट येत नाहीत हे तेव्हाच लक्षात आलं. लिहिताना कधी मोठ्याने म्हटलीच नव्हती. मागच्या बाकावर कुणीतरी जांभई दिली. दाराशी पुढच्या केसचे लोक जमले होते.

एकोणिसावं नाव झालं तेव्हा न्यायाधीशांनी हात वर केला. "पुरे. कळलं."

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल दिला. पाच ओळींचा. सदर व्यक्ती या न्यायालयाच्या हद्दीबाहेर असल्याने आदेश देता येत नाही. अर्ज निकाली. अर्जदार बाईंच्या सद्भावनेची नोंद घेण्यात येत आहे.

लेक म्हणाली, वर जाऊ. वर म्हणजे वरच्या कोर्टात. तारीख पुढच्या वर्षीची मिळेल. ती तिथेच व्हरांड्यात बसून लिहायला लागली. आम्ही दोघं जिना उतरलो. ही एकेक पायरी, कठडा धरून. मधल्या वळणावर थांबली, धाप लागली म्हणून असेल.

"अहो, ती कितवी होती हो?"

"कोण?"

"माझी बाई. यादीत."

"एक्केचाळीस."



"म्हणजे आलंच नाही तिचं नाव."

"नाही," मी म्हणालो. "नाही आलं."